मारुतीच्या ओट्यावरचा ताप

आज सकाळी फाटक उघडायला गेलो तर कडीत पळसाची फांदी खोचलेली. काल पोळा झाला. आमच्या यवतमाळच्या कॉलनीत ना बैल, ना गोठा. दारापुढे बांधलेल्या असाव्यात तशा मोटारी उभ्या. तरी आमचा दूधवाला दरवर्षी न चुकता प्रत्येक फाटकाला मेढा लावून जातो आणि दुसऱ्या दिवशी हक्काने पुरणपोळी मागतो. ही म्हणाली, काढून टाका ती फांदी, पानं गळतात. मी म्हटलं, मेढा नुसता काढून चालत नाही, तो गावाबाहेर नेऊन टाकायचा असतो. त्यावर तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, तिचा अर्थ एवढाच होता की निवृत्त माणसाला कामं कमी असतात.

खरं आहे ते. पण पोळ्याची कर उजाडली की मला स्वस्थ बसवत नाही. माझं लहानपण कळंबला गेलं. वडील कचेरीत कारकून, घरात शेतीचा गंध नाही, तरी या पहाटे मी शेजारच्या शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर उठायचो. दारादारातले मेढे काढायचे, ओढत शिवेपर्यंत न्यायचे आणि रोगराई वाहून नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगायचं, खोकला घेऊन जा गे मारबत, खरूज घेऊन जा, हिवताप घेऊन जा. ज्याला जे नकोसं असेल ते त्याने ओरडावं, अशी सूट होती. एका वर्षी मी त्यात गणिताचे मास्तर घातले आणि त्याची खबर शाळा भरायच्या आत मास्तरांपर्यंत पोचली. मेढे शिवेपलीकडे फेकले की हात झटकून, मागे वळून न पाहता घरी यायचं. शिवेपलीकडे ते जाऊन कुणाच्या अंगणात पडतात, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

पुढे पोटासाठी जी नोकरी मिळाली, ती मात्र नेमकं हेच विचारत फिरायची. मी हिवताप कर्मचारी. मुकुटबनच्या बाजारापासून आत, जंगलाच्या कडेच्या दहाबारा गावांत मी उभी हयात काढली. लोक मला मलेरियावाले भाऊ म्हणत आणि एकदोन म्हातारे डॉक्टरसाहेब म्हणत. मी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. काम सोपं होतं. घरोघर जायचं, ताप कुणाला विचारायचं, असेल त्याचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि निघताना भिंतीवर गेरूने तारीख टाकून सही ठोकायची. काही घरांच्या भिंतींवर माझ्या तारखांची अशी रांग लागली होती की घरमालकाला स्वतःच्या पोरांचे वाढदिवस त्यावरून आठवायचे. हा पाऊस माझ्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, अशा गप्पा तिथे चालत. मला त्या भिंतींचा गर्व होता. आजही आहे.

आमचा खरा हंगाम भादवा. पाऊस उघडतो, ऊन चावरं होतं, आणि काळ्या मातीत पाय घातला की चप्पल तिथेच राहते आणि पाय एकटा वर येतो. कपाशीला पात्या लागलेल्या, सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, वाऱ्यावर फवारणीचा उग्र वास. दिवेलागणीला पोरींच्या भुलाबाईच्या गाण्यांचा गलका, खिरापत ओळखायची झुंबड, आणि त्या गलक्यातच गुणगुणत येणारे डास. गावात एखादं माणूस भर उन्हात गोधडी मागायला लागलं की मी समजायचो, आपलं बोलावणं आलं. त्या महिन्यात मी घरचा नसेच. हिने त्यावरून मला ऐकवलेलं सगळं इथे लिहायचं म्हटलं तर वेगळी वही लागेल.

नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना गेरू गेला आणि मोबाइल आला. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षण झालं. आता भिंतीवर काही लिहायचं नाही, ॲपमध्ये लिहायचं. घरातल्या एकेका माणसाचं नाव, वय, ताप आहे की नाही, एवढं भरून बटण दाबलं की ते घर नकाशावर ठिपका होऊन उमटतं. ताप असेल तर लाल, नसेल तर हिरवा. शिकवणारा मुलगा हुशार होता, बोलायचाही गोड. सकाळभर मी मन लावून ऐकलं. दुपारी जेवणात वांग्याची भाजी आणि जिलेबी होती, आणि त्यानंतरचा तास मी डोळे उघडे ठेवून झोपलो. माझ्या पुढच्या सगळ्या फजितीचं मूळ त्या एका तासात आहे. जिलेबीला मी दोष देत नाही.

माझ्या गावांपैकी एका गावाची आशाताई म्हणजे लीलाताई. गावाला लागून नाला आहे, आणि नाल्यापलीकडे कोलामांचा पोड, पंधरावीस घरांचा. ती त्या पोडातलीच. सातवीपर्यंत शिकलेली, अंगाने काटकुळी, चालायला लागली की मला मागे टाकणारी. तिच्या आधी मी पोडात गेलो की निम्मी घरं मला पाहून शेतात पळायची. सुई टोचणारा आला म्हटल्यावर कोण थांबेल? लीलाताईने वर्षभर खपून ते मोडलं. ती कोलामीत काय सांगायची ते मला कळत नसे, पण म्हाताऱ्या बायका हसून बोट पुढे करायच्या. गोळ्या मात्र ती हातात देत नसे. समोर बसवून, पाणी देऊन, गिळवून, मग तोंड उघडायला लावायची. मोबाइलही तिनेच माझ्याआधी आत्मसात केला. मी एका बोटाने टिपत बसायचो, तिचा अंगठा भराभर चालायचा.

आता अडचण अशी की पोडात नेटवर्क नाही. गावातही नाही. सगळ्या पंचक्रोशीत नेटवर्क येतं ते एकाच जागी, गावाबाहेरच्या टेकाडावर मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या ओट्यावर. तेही ओट्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात, उभं राहिलं तर जास्त. मी अनुभवी माणूस, लगेच युक्ती काढली. लीलाताईला सांगितलं, घरोघर फिरताना वहीत लिहा, आणि दुपारी ओट्यावर बसून सगळं मोबाइलमध्ये भरा. आजूबाजूच्या गावच्या आशाताईंनाही मी हीच युक्ती शिकवली आणि त्याबद्दल मासिक सभेत स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली. देवाच्या दारी बायका रांगेने बसून मोबाइलवर टिपताहेत, हे दृश्य मला फार आवडायचं.

त्या भादव्यात ताप जरा जास्तच निघाला. लीलाताई रोज नोंदी भरत होती, मी रोज पाहत होतो, आणि आपलं काम चोख चाललंय या खात्रीत होतो. एका सकाळी देवळाशी धुराची मशीन घेऊन माणसं उतरली. त्यांनी मारुतीच्या देवळाला चहूबाजूंनी असा धूर दिला की मारुती दिसेनासा झाला. पुजारी खोकत बाहेर आला. पारावरची मंडळी तर वाटच पाहत होती. मारुतीला मलेरिया झाला का हो भाऊ, रक्त कोणत्या बोटाचं घेतलं, शेपटीचं घेतलं असतं तर बरं, असं दिवसभर चाललं. मी हसण्यावारी नेलं, पण मनात काहीतरी खुपलं. देवळाच्या टेकाडावर ना डबकं, ना घर. तिथे धूर द्यायला कुणी सांगितलं?

मी तडक तालुका गाठला. तिथे आमच्या डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी संगणकावर उपग्रहातून टिपलेला नकाशा उघडला. हिरव्या शेतांच्या मधोमध एक भलामोठा लाल डाग. सगळ्या भागाचा ताप एकाच जागी गोळा झालेला, आणि ती जागा म्हणजे मारुतीचा ओटा. "काका," त्या म्हणाल्या, "घराच्या दारात उभं राहून फॉर्म सेव्ह करायचा असतो. जागा तेव्हाच नोंदली जाते. त्याला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क नंतर पाठवायला लागतं."

हाच तो जेवणानंतरचा तास. कानशिलं तापली माझी. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चांगल्या होत्या, म्हणाल्या होतं असं. पण मी हिशेब मनात केला. दोन आठवडे मी तापाला देवळात बसवून ठेवलं होतं, आणि खरा ताप जिथे होता तिथे धुराची मशीन गेली नव्हती, साचलेल्या पाण्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीवर तारीख टाकणारा मी, माझ्याकडून कधी चुकून शेजारच्या घरावर तारीख पडली नव्हती. म्हातारपणी सगळ्या गावाची तारीख मारुतीवर टाकली.

बाकीच्या आशाताईंना निरोप धाडून दुसऱ्याच दिवशी लीलाताईला घेऊन मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. ओट्यावर नाही, वहीत नाही. दारात उभं राहून, तिथल्या तिथे. आधी गाव केलं. गावात ताप तुरळक. मग नाला ओलांडला. नाल्याच्या पलीकडच्या काठावर पळसाच्या वाळलेल्या फांद्यांचा खच पडला होता, आणि त्यांच्यामागे पाणी अडून डोह झाला होता, हिरवट, न हलणारा. मी वाकून पाहिलं. डासाच्या अळ्या वळवळत होत्या. गावकऱ्यांनी पोळ्याच्या करीला फेकलेले मेढेच होते ते. गावाची शीव म्हणजे हा नाला. रोगराई घेऊन जा म्हणत सगळं गाव इथवर येतं आणि पलीकडे फेकून हात झटकतं.

लीलाताई माझ्याकडे पाहून हसली. "तुमची मारबत दरसाल आमच्याच दारात येते, भाऊ," ती म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती, आहे ते सांगत होती, आणि म्हणूनच ते मला लागलं. कळंबच्या शिवेवर मी लहानपणी किती मेढे फेकले असतील! त्या शिवेपलीकडेही कुणी राहत असेलच.

पोडात एकेका दारात ती थांबली, एकेक नाव विचारलं, बटण दाबलं. दुपार झाली. ऊन असं की माझा सदरा पाठीला चिकटला. शेवटी तिच्या घरी आम्ही टेकलो. नवरा आणि मुली दुसऱ्याच्या शेतात निंदणीला गेले होते. तिने कोरा चहा केला. मी घाम पुसत होतो आणि ती पदर अंगाभोवती घट्ट लपेटून चुलीजवळ बसली होती. हे मी पाहिलं. तीस वर्षं ज्या खुणेवर मी जगलो ती खूण माझ्यासमोर चहा देत होती, आणि मी चहा छान झाला म्हणून उठलो.

लीलाताई ओट्यावर जाऊन सगळं पाठवून आली आणि मी नकाशा पाहायला पुन्हा तालुक्याला गेलो. आता मारुतीचा ओटा मोकळा झाला होता. ठिपके आपापल्या घरी गेले होते. गावात हिरवे, मधूनच एखादा लाल. आणि नाल्याच्या काठाने लाल रांग, पोडात शिरलेली. मी खरंच सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यभर भिंतीभिंतींवर लिहिलेलं कुणीतरी उचलून एका कागदावर ठेवावं, तसं ते दिसत होतं. कुठे औषध टाकायचं, कुठला डोह मोकळा करायचा, कुठे गप्पी मासे सोडायचे, सगळं समोर. मी मॅडमना बोटाने दाखवत होतो, इथे हे, तिथे ते.

मॅडमनी एका जागी बोट ठेवलं. "काका, हे घर राहिलं का?"

पोडाच्या मधोमध, आजूबाजूला लाल ठिपके आणि एक छप्पर कोरं. ना लाल, ना हिरवं. मी म्हटलं, एकही घर राहिलं नाही, मी स्वतः बरोबर होतो. मग नाल्यापासून दारं मोजली. सातवं घर. आंब्याचं झाड. चूल, कोरा चहा, लपेटलेला पदर.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मी नाला ओलांडला. लीलाताई अंगणात होती, उभी राहायला भिंतीचा आधार घेतलेला. ओठ सुकलेले. मी पिशवीतून तपासणीची पट्टी काढली आणि बोट पुढे करा म्हटलं. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याला वाटत होतं ती दमली आहे. सहावा दिवस होता तापाचा.

"कायले करता, भाऊ," ती म्हणाली. "मी आशा व्हय. आशाच पडली त लोक म्हणतीन, हिच्या गोळ्यायचा काय भरोसा. साऱ्यायले मुश्किलीनं गिळवल्या म्या."

मग फॉर्म भरताना ताप नाही म्हणून टाकून द्यायचं होतं, मी चिडून म्हणालो, हिरवा ठिपका पडला असता, मला तरी कळलं नसतं.

"खोटं लिवता नाई आलं," ती म्हणाली. "म्हणून घरच सोडलं."

रक्ताचा थेंब पट्टीवर पडला. पंधरा मिनिटं थांबावं लागतं. ही पंधरा मिनिटं मी हजारो वेळा काढली आहेत, तंबाखू मळत, पिकापाण्याच्या गप्पा मारत. त्या दिवशी मी नुसता पट्टीकडे पाहत बसलो. पट्टीवर रेघ उमटली, ती ठळक उमटली, आणि मलेरियाचा प्रकार धोक्याचा होता. आम्ही तिला बैलगाडीने नाल्यापार काढलं, तिथून रुग्णवाहिकेने दवाखान्यात. तिकडे मॅडम म्हणाल्या की आणखी दोन दिवस गेले असते तर डोक्यात ताप गेला असता. मी बाहेर बाकड्यावर बसून रडलो. लपवत नाही. एवढ्या वर्षांत कुणाच्या आजारात मी रडलो नव्हतो, पण तिच्या घरचा चहा माझ्या पोटात होता आणि मला कळलं नव्हतं.

दवाखान्याला निघताना तिने मला एकच गोष्ट विचारली होती, नकाशात तिचं नाव दिसतं का. मी सांगितलं, नाव दिसत नाही, ठिपका दिसतो. ती निर्धास्त झाली. पण घरी परतल्यावर तिने स्वतःच पोडभर फिरून सांगितलं, मलेही झाला होता, पूर्ण गोळ्या घेतल्या, पाहा उभी आहे. ज्या गोष्टीने आपली पत जाईल असं तिला वाटत होतं, तिनेच ती दुप्पट झाली. ज्या दोन म्हाताऱ्या तोवर गोळी जिभेखाली दडवून नंतर थुंकत होत्या, त्यांनी त्या महिन्यापासून सरळ गिळल्या.

लोक मला विचारतात, तुम्ही जुनी माणसं, तुम्हाला या मोबाइलचं काय वाटतं? त्यांना वाटतं मी नाकं मुरडेन. मी का मुरडू? भिंतीवरची माझी तारीख ज्या घराची त्या घरालाच दिसायची. शेजारच्या गावात काय चाललंय ते मला महिन्याने कळायचं, तोवर जे व्हायचं ते होऊन जायचं. आता एका सकाळी कळतं. आणि लीलाताईचं घर मला माझ्या डोळ्यांनी दाखवलं नाही, त्या नकाशाने दाखवलं. फक्त एक आहे, त्यासाठी कुणीतरी दारात उभं राहून खरं लिहावं लागतं, आणि लिहिता येत नसेल तर कोरं सोडावं लागतं. खोट्या हिरव्या ठिपक्याने ती गेली असती.

पुढच्या पोळ्याला मी गावच्या पारावर बसून मंडळींना तो डोह सांगितला. मारुतीच्या शेपटीच्या रक्ताची आठवण निघालीच, ती मी सहन केली. मेढे फेकायचं बंद करा असं मी म्हटलं नाही, रीत आहे. एवढंच म्हटलं की नाल्यात टाकू नका, टेकाडावर टाका. थोडी कुरबुर झाली, शीव ती शीव, वगैरे. पण दोनतीन जुन्या माणसांनी मान डोलावली. तेव्हापासून त्या गावचे मेढे मारुतीच्या टेकाडामागे पडतात, वाळतात आणि होळीत जातात.

तीन वर्षं झाली मला घरी बसून. आता माझ्या मोबाइलमध्ये ते ॲप नाही, नकाशा नाही. आहेत ते सकाळी शुभेच्छा पाठवणारे नातेवाईक. पण करीच्या सकाळी एक फोन ठरलेला असतो. आजही मी फाटकातला मेढा हातात घेऊन, हिच्या नजरेला नजर न देता, नगरपालिकेच्या मोकळ्या जागेकडे निघालो आणि खिशात फोन वाजला. फोनमध्ये मागून वारा घोंघावत होता, म्हणजे ती ओट्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात उभी होती.

मेढे टेकाडामागे पडले म्हणाली. नाल्याला पाणी वाहतं आहे, साचलेलं नाही. मासे सोडले. मोठ्या मुलीने बारावीचा फॉर्म भरला. माझ्या गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाली, आता हंगामाच्या नोंदी चालू केल्या, भाऊ, सकाळी पयलं घर करूनच इकडे चढली.

कोणाचं, मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं. दरवर्षी विचारतो.

"माहं," लीलाताई म्हणाली. "दारात उभं राहून. हिरवं हाय."